पळसाला पाकळ्या किती?

नागपूरहून सावनेर मागे टाकून सौंसरकडे निघालं की फाल्गुनात बांधाबांधावर, आणि पुढे सिल्लेवानीच्या घाटात तर डोंगरभर, पळस पेटलेला दिसतो. पळसाला पाने तीन हे आपल्याला तोंडपाठ. (वनस्पतिशास्त्राच्या हिशेबात पान एकच, दलं तीन, पण म्हणीशी कोण भांडणार!) पाकळ्या मात्र फारसं कुणी मोजत नाही.

झाडाखालचं एखादं ताजं फूल उचला. देठाशी काळपट, मखमली पेला. त्यातून पाच केशरी पाकळ्या निघतात, बाहेरून रुपेरी लव असलेल्या. सगळ्यात रुंद पाकळी मागे वळलेली, तिला ध्वज म्हणतात. बाजूच्या दोन म्हणजे पंख. उरलेल्या दोन एकमेकींना चिकटून राघूच्या चोचीसारख्या बाकदार झालेल्या, ती नौका. ती नखाने हळूच उघडली की आत दहा पुंकेसर दिसतात. नऊ तळाशी जुळून त्यांची नळी झालेली, दहावा सुटा. त्यांच्या मधोमध बाक घेतलेलं लांब कुक्षिवृंत. शेजारच्या वावरातल्या तुरीचं फूल सोलून बघा, अगदी हीच रचना. दोघं एकाच कुळातले.

मग तुरीचं फूल एवढंसं आणि पळसाचं दीड-दोन इंचांचं, जाडजूड का? गिऱ्हाईक वेगळं म्हणून. तुरीकडे माशा येतात, पळसाने पाखरांसाठी दुकान मांडलंय. लाल-केशरी रंग पाखरांना लांबून ओळखू येतो, मधमाशीला लाल नीट दिसत नाही. पानं गळालेली असल्याने मध्ये आडोसा नाही. तळाशी रस भरपूर. वासावर मात्र खर्च शून्य, कारण फुलं हुंगत फिरणं हा पाखरांचा स्वभावच नव्हे. संस्कृत सुभाषितकारांनी रूप आहे पण गंध नाही म्हणून बिचाऱ्याला विद्याहीन माणसाच्या पंगतीला बसवलं. मला तर हे झाड भलतंच हिशेबी वाटतं.

टंडन, शिवण्णा आणि मोहन राम या दिल्ली विद्यापीठाच्या संशोधकांनी या फुलांवर नजर ठेवून केलेला अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध केला. पाखरांच्या आठ जाती आल्या, पण परागीभवनाचं काम चोख करणारी एकच निघाली : जांभळा शिंजीर. तिच्या जोडीला चक्क खार! बाकीचे आले, प्यायले, गेले.

इकडे पांढुर्ण्यात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमारीसाठी जाम नदीच्या पात्रात झेंडा लावून पळसच उभा करतात. पलीकडे सावरगाव, अलीकडे पांढुर्णा, मध्ये दगडांचा मारा. तेव्हा त्याच्यावर फूल नसतं. फुलांचा हंगाम होळीबरोबर सरतो आणि पाण्यात उकळलेल्या पाकळ्यांचा पिवळा-केशरी रंग तेवढा अंगावर राहतो.

झाडावर उरते ती चपटी, लोंबती शेंग. अंडाशयात बीजांडं दोन, पण बहुधा एकच बी धरतं, तेही शेंगेच्या पार टोकाला. शास्त्रीय नावातल्या ‘मोनोस्पर्मा’चा अर्थ तोच, एकबीजी. बाकीची कागदासारखी रिकामी शेंग फुकट गेली म्हणू नका. तीच वारा धरते, उन्हाळी वावटळीत बी झाडापासून दूर नेऊन टाकते आणि पावसाळ्यात ते बी शेंगेसकटच रुजतं.