विद्युत्भारांचा संवाद आणि खोडदची दुर्बीण

पुणे शहरात विद्यापीठाच्या आवारात टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र आहे. या केंद्राने डॉ. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली जुन्नर तालुक्यातील खोडद परिसरात महाकाय रेडिओ दुर्बीण उभारली. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या तेथे सुमारे २५ किलोमीटरच्या टापूत विखुरलेल्या आहेत. कोट्यवधी वर्षांच्या प्रवासानंतर आलेल्या लहरी त्या कशा टिपतात, हे समजण्यासाठी विद्युत्भारित कणांचे परस्परसंबंध जाणून घेतले पाहिजेत.

सजातीय विद्युत्भार एकमेकांना दूर लोटतात, विजातीय भार जवळ ओढतात. अंतर दुप्पट झाले की हे बल एकचतुर्थांश उरते. कोरड्या केसांवरून फिरवलेली फणी कागदाचे कपटे उचलते, ती याच बलाच्या योगे. परंतु स्पर्शावाचून हे बल पोहोचते कसे? विसाव्या शतकातील पुंजसिद्धांताने याचे उत्तर दिले : विद्युत्भारित कण फोटॉन, म्हणजेच प्रकाशकण, यांच्या देवघेवीतून परस्परांवर बल लावतात. स्थिर भारांमधील हे फोटॉन 'आभासी' मानले जातात. त्यांचा हिशेब गणितात मांडता येतो, उपकरणात ते सापडत नाहीत. मात्र भाराच्या गतीत बदल झाला की खरे फोटॉन बाहेर पडतात आणि सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर वेगाने दूर जातात. वाटेत दुसरा विद्युत्भार भेटल्यास ते त्याला हालवितात.

आकाशातून आलेला निरोप

अवकाशातील चुंबकीय क्षेत्रांत गिरक्या घेणारे वेगवान इलेक्ट्रॉन अशाच रेडिओ लहरी बाहेर टाकतात. हायड्रोजनच्या अणूतील प्रोटॉन व इलेक्ट्रॉन तर सूक्ष्म लोहचुंबकांप्रमाणेही वागतात. इलेक्ट्रॉनच्या चुंबकाची दिशा उलटली की २१ सेंटिमीटर तरंगलांबीचा फोटॉन निघू शकतो. त्याची ऊर्जा हिरव्या प्रकाशाच्या फोटॉनच्या सुमारे चार लाखाव्या भागाएवढीच असते. एका दूरच्या दीर्घिकेतून सुमारे ८८० कोटी वर्षांपूर्वी निघालेली अशी लहर खोडदच्या दुर्बिणीने टिपल्याचे २०२३ साली जाहीर झाले. विश्वाच्या प्रसरणामुळे ती ताणली जाऊन ४८ सेंटिमीटरची झाली होती. वाटेतील दुसऱ्या दीर्घिकेच्या गुरुत्वाकर्षणाने भिंगासारखे काम करून तिची तीव्रता वाढविली होती. तिने अँटेनाच्या धातूतील इलेक्ट्रॉन किंचित हालविले. दुर्बिणीची सारी यंत्रणा ही हालचाल मोजण्यासाठीच आहे.

शांतता ही सामायिक संपत्ती

आपल्या घराशेजारचे इलेक्ट्रॉनही हेच करीत असतात. मध्यम लहरींवर लावलेल्या रेडिओजवळ विजेचे बटण दाबले की खरखर ऐकू येते. शिक्षकांना हा प्रयोग वर्गात सहज दाखविता येईल. विद्युत्वाहिनीच्या सैल जोडातील ठिणगी किंवा जवळचा भ्रमणध्वनी मनोरा यांच्या लहरींपुढे दीर्घिकेचा क्षीण निरोप बुडून जातो. म्हणूनच दुर्बिणीसाठी मोठ्या शहरांपासून दूर, डोंगरांच्या आडोशाची जागा निवडण्यात आली. ओढ्याचे पाणी स्वच्छ राखावे तशी ही शांतता राखावी लागते. सैल जोड वेळीच दुरुस्त करून घेणे, नवा मनोरा अथवा कारखाना येण्यापूर्वी दुर्बीण केंद्राशी विचारविनिमय करणे, एवढे परिसरातील ग्रामपंचायतींना करता येण्यासारखे आहे. निसर्गाचा नियम दोन्हीकडे एकच आहे. कोणत्या इलेक्ट्रॉनचा निरोप ऐकू यावा, हे मात्र आपल्या वागण्यावर अवलंबून राहते.