मोकळ्या जमिनीचा प्रश्न : पेणच्या खारेपाटातील एक वाद

नगररचनेच्या चर्चेत ‘मोकळी जमीन’ हा शब्दप्रयोग इतक्या सहजतेने येतो की, तो वस्तुस्थितीचे वर्णन करतो की एखादा निर्णय अगोदरच सांगून टाकतो, ह्याचा विचार सहसा कोणी करीत नाही. मुंबईच्या गिरणगावात हा प्रश्न फारसा उद्भवला नाही. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या व तेथील जमीन कशी रिकामी झाली हे सर्वांस ठाऊक होते. १९९६ मधील चार्ल्स कोरिया समितीपासून २००६ मधील सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापर्यंत जो वाद झाला, तो त्या जमिनीच्या वाटणीचा होता. तिच्या रिकामेपणाचा नव्हता. पेण तालुक्यात मात्र वादाचे मूळच ह्या शब्दात आहे, आणि म्हणून हे उदाहरण अभ्यासकांनी बारकाईने पाहावयास हवे.

वाशी, शिर्की, वढाव, दादर, रावे ह्या बाजूच्या सखल प्रदेशास खारेपाट म्हणतात. ही जमीन निसर्गाने दिलेली नव्हे. ती खाडीकडून मिळविलेली आहे. भरतीचे पाणी अडविण्यासाठी मातीचा बाहेरचा बांध घालावयाचा, त्यात उघाड्या बसवावयाच्या, भरतीच्या वेळी त्या मिटाव्यात व ओहोटीला पावसाचे पाणी त्यांतून बाहेर पडावे, अशी ही रचना होय. पावसाच्या पाण्याने मातीतील क्षार धुऊन निघाले म्हणजे भात लावता येते. पीक एकच, तेही पावसाळी. उन्हाळ्यात जमीन पांढरट होऊन भेगाळते, पिण्याच्या पाण्याची टंचाई पडते आणि शेततळ्यांतील जिताडे सोडले तर डोळ्यांस दिसण्याजोगे उत्पन्न तेथे काही नसते. एप्रिल महिन्यात महामार्गावरून जाणाऱ्या पाहुण्यास हा सर्व मुलूख ओसाड वाटला तर त्याचा फारसा दोष नाही. दोष आहे तो त्या एप्रिलच्या दर्शनावरून बारा महिन्यांचा निष्कर्ष काढणाऱ्यांचा.

ह्या जमिनीचा कस मातीपेक्षा बांधावर अधिक अवलंबून असतो. एका शेतकऱ्याने आपल्या वाट्याचा बांध राखला आणि शेजारच्याने राखला नाही, तर खारे पाणी दोघांच्याही शेतांत शिरते. पूर्वी कुलाबा जिल्ह्यात ह्यासाठी शिलोत्री पद्धत होती. शिलोत्रदाराने बाहेरचा बांध सांभाळावा व त्याबद्दल कुळांकडून ठराविक भात घ्यावे, असा तो व्यवहार होता. ह्या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे कारण नाही. ह्याच जिल्ह्यात खोतीविरुद्ध १९३३ ते १९३९ असा चरीचा दीर्घ संप झाला, तो जमीनदारांच्या औदार्यामुळे खास झाला नाही. कुळकायद्याने कूळ मालक झाले हे योग्यच झाले. परंतु बांधाची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न त्याबरोबर सुटला नाही. १९४८ च्या व पुढे १९७९ च्या खारभूमीविषयक कायद्यांनी ती शासनाकडे येत गेली. कागदावर व्यवस्था सिद्ध झाली खरी, पण बांधाला खांड पडली असता ती त्याच भरतीत बुजवावी लागते, आणि अंदाजपत्रकाची मंजुरी भरतीच्या वेळापत्रकाप्रमाणे येत नाही.

खांड बुजली नाही तर काय होते, हे येथे स्पष्ट करणे अवश्य आहे. पहिल्या वर्षी पीक जाते. दोन-तीन वर्षांत जमिनीत क्षार मुरतात. त्यानंतर तिवरांची रोपे रुजतात आणि काही वर्षांत तेथे कांदळवन उभे राहते. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००५ च्या अंतरिम व २०१८ च्या अंतिम आदेशाने कांदळवनांस संरक्षण मिळाले आहे, आणि किनाऱ्याच्या हिताच्या दृष्टीने ते इष्टही आहे. तथापि, सातबाऱ्यावर नाव असलेल्या शेतकऱ्यास आता तेथे नांगर घालता येत नाही. नकाशावर ही जमीन प्रथम ‘पडीक’ म्हणून व नंतर ‘मोकळी’ म्हणून दिसू लागते. म्हणजे जे रिकामेपण पुढे विकासाच्या बाजूने प्रमाण म्हणून मांडले जाते, ते पुष्कळदा दुर्लक्षित बांधाचे फळ असते.

ह्या पार्श्वभूमीवर महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्राचा वाद पाहावा. २००५ च्या कायद्यानंतर उरण, पेण व पनवेल तालुक्यांतील ४५ गावांची सुमारे १०,००० हेक्टर जमीन रिलायन्स उद्योगसमूहाच्या ह्या प्रकल्पासाठी घेण्याचा प्रस्ताव आला. प्रा. एन. डी. पाटील व उल्का महाजन प्रभृतींच्या नेतृत्वाखाली त्यास तीव्र विरोध झाला. विरोधकांचा एक मुद्दा विशेष प्रभावी ठरला : पेण तालुक्यातील २२ गावे हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रात होती. भोगेश्वरी नदीवरील ह्या धरणाचे पाणी नव्या मुंबईस मिळू लागले होते, पण कालव्यांची कामे मागे पडली होती. पाणी देण्याचे आधी वचन द्यावयाचे, ते द्यावयाचे नाही आणि मग जमीन एकपिकी आहे असे म्हणावयाचे, ही विसंगती शेतकऱ्यांनी अचूक हेरली.

२१ सप्टेंबर २००८ रोजी जिल्हा प्रशासनाने ह्या २२ गावांत जनमत घेतले. भूसंपादनाच्या प्रश्नावर शासनाने स्वतः शेतकऱ्यांचे मत मोजावे, ही गोष्ट असाधारणच म्हटली पाहिजे. मात्र निकाल अधिकृतपणे जाहीर झाला नाही. शिवाय मत विचारले गेले ते जमीनधारकांस. सातबाऱ्यावर नाव नसलेल्या स्त्रिया, मजुरीवर जाणारे कातकरी, खाडीवर पोट भरणारे कोळी ह्यांचे त्या जमिनीशी असलेले नाते मतपेटीत उतरण्यास वाव नव्हता. प्रस्तुत लेखकाच्या मते ह्या प्रयोगाचे मोल मोठे आहे. पण त्यास लोकमत म्हणण्यापेक्षा खातेदारांचे मत म्हणणे अधिक शास्त्रशुद्ध ठरेल. पुढे १८९४ च्या भूसंपादन कायद्यातील दोन वर्षांची मुदत संपून २००९ मध्ये संपादनाची कार्यवाही व्यपगत झाली. जमीन राहिली, बांधांची स्थिती तेवढ्याने बदलली नाही.

आज हाच प्रश्न निराळ्या वेषात पुढे आला आहे. १२ जानेवारी २०२४ रोजी अटल सेतू खुला झाला आणि त्याच वर्षी कर्नाळा-साई-चिरनेर नवनगरासाठी उरण, पनवेल व पेण तालुक्यांतील १२४ गावांच्या, सुमारे ३२३ चौरस किलोमीटर क्षेत्रावर मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची नियुक्ती झाली. ह्या वेळी वाटाघाटींचा रोख मुख्यतः मोबदल्यावर आहे. नव्या मुंबईत १९८४ च्या आंदोलनात पाच जणांचे प्राण गेल्यानंतर साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे तत्त्व मान्य झाले. ‘नैना’ क्षेत्रातील नगररचना योजनांत मूळ क्षेत्राच्या ४० टक्के जमीन मालकास परत मिळते. टक्केवारी वाढत आहे, हे खरे. परंतु टक्केवारीच्या चर्चेत एक भौतिक प्रश्न मागे पडतो.

पावसाळ्यात भरती असताना उघाड्या मिटलेल्या असतात. त्या काही तासांत डोंगराकडून येणारे पाणी भातखाचरांत साठते व ओहोटी लागताच बाहेर जाते. शेत हे येथे पिकाचे साधन तसे पाण्याचे कोठारही आहे. सखल जमिनीवर भराव टाकून वस्ती केली, की त्या क्षेत्रापुरते हे कोठार नाहीसे होते. पाणी मात्र तितकेच येते आणि भरतीही ठरल्या वेळी येते. ते पाणी मग शेजारच्या, भराव न टाकलेल्या गावाकडे वळते. ते गाव नवनगराच्या हद्दीबाहेर असेल, तर त्यास भूखंडही मिळत नाही आणि हरकत नोंदविण्याचा स्पष्ट अधिकारही राहत नाही. म्हणून भूखंडाच्या टक्केवारीबरोबर भरावाची पातळी, उघाड्यांची संख्या व बाहेरच्या बांधाच्या दुरुस्तीची जबाबदारी ह्या तीन गोष्टी गाववार मांडल्या जाणे जरूर आहे. विभागातील विद्यार्थ्यांस क्षेत्रकार्यासाठी विषय हवा असेल, तर एका उघाडीमागे किती शेतांचे पाणी जाते, एवढे मोजण्यापासून प्रारंभ करता येईल.