गंजलेल्या बोल्टांची निगा

म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात १९६१ पासून मोटारसायकली तयार होऊ लागल्या. १९९६ साली तो कारखाना बंद पडला. म्हणूनच त्या गाड्यांचा मूळचा प्रत्येक बोल्ट जपण्याकडे हौशी मंडळींचा ओढा असतो.

गंज मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो. त्यामुळे तो आट्यांत पाचरीसारखा बसतो व नट हलत नाही. अशा वेळी पान्यावर बळ आजमावू नये, बोल्टच मोडायचा. तारेच्या ब्रशाने वरचा गंज झाडावा, पातळ तेल सोडून रात्रभर मुरू द्यावे, मग पाना किंचित मागे-पुढे फिरवीत नट सैल करावा.

किरकोळ बोल्ट पांढऱ्या व्हिनेगरमध्ये काही तास बुडवून घासावेत, सोड्याच्या पाण्याने धुवावेत आणि तत्काळ कोरडे करून तेलाचा हात द्यावा. जस्ताचा मुलामा करून घेतल्यास उत्तम. जस्त स्वतः झिजून लोखंडाला वाचवते.

चाक व ब्रेक यांचे बोल्ट मात्र आम्लात घालू नयेत. त्यांचे आटे झिजले असतील, तर जुन्याचा मोह सोडून नवेच बसवावेत. वडिलार्जित गाडीचे मोल मोठे खरे. परंतु तिच्यावर बसणाऱ्याच्या जिवाचे त्याहून मोठे.