गाडी कुठे ठोकली नाही, तरी विम्याचा हप्ता का वाढतो?

आमच्या चाळीत टॅक्सी चालवणारे एक काका राहतात. वीस वर्षे झाली, कुणाला साधा धक्का लागलेला नाही, की विमा कंपनीकडून एक पैसा मागितलेला नाही. मागे गाडीच्या पासिंगआधी विमा भरून ते घरी आले आणि पावती काकूंपुढे टाकून म्हणाले, "दहा वर्षांपूर्वीची पावती काढ आणि ही बघ. नीट गाडी चालवल्याचं हे बक्षीस!"

काकू सातवीपर्यंत शिकलेल्या, पण घरचा हिशेब त्याच ठेवतात. त्यांनी पेटीतून जुन्या पावत्या काढल्या, शेजारी शेजारी मांडल्या आणि विचारले, "अहो, पण हे पैसे नेमके कशाकशाचे?"

वाचकहो, हा प्रश्न गाडीवर पोट असलेल्या प्रत्येक घराने विचारला पाहिजे.

विम्याच्या पावतीत दोन मुख्य हिस्से असतात. पहिला आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा. त्याला 'ओन डॅमेज' म्हणतात. दुसरा 'थर्ड पार्टी'चा. आपल्या गाडीने दुसऱ्या कुणाला इजा झाली, कुणी दगावले किंवा कुणाच्या मालमत्तेचे नुकसान झाले, तर त्याला द्यायच्या भरपाईचा हा हिस्सा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने तो सक्तीचा आहे.

आता मेख कुठे आहे ते पाहा. क्लेम न करणाऱ्याला जो 'नो क्लेम बोनस' मिळतो, तो फक्त पहिल्या हिश्श्यावर मिळतो. एक वर्ष क्लेम नसेल तर २० टक्के सूट, मग ओळीने २५, ३५, ४५ आणि पाच वर्षांनंतर ५० टक्के. तिथे सूट थांबते. काकांनी वीस वर्षे सांभाळून गाडी चालवली काय आणि पाच वर्षे काय, बोनस तेवढाच!

थर्ड पार्टीचा दर मात्र सरकारी पातळीवर ठरतो. तो ठरवताना गाडीचा प्रकार आणि इंजिन पाहतात, चालकाचा इतिहास पाहत नाहीत. एक हजार सी.सी.पर्यंतच्या खाजगी गाडीसाठी हा दर २०१४-१५ मध्ये १,१२९ रुपये होता. २०१६-१७ मध्ये तो २,०५५ झाला. दोन वर्षांत जवळजवळ दुप्पट! २०१८-१९ मध्ये तो १,८५० वर उतरला, पण पुढच्याच वर्षी २,०७२ झाला आणि १ जून २०२२ पासून २,०९४. त्याच इंजिनाची गाडी टॅक्सी असेल, तर २०२२ च्या दराप्रमाणे मूळ ६,०४० रुपये आणि शिवाय दर प्रवाशामागे १,१६२. चार प्रवाशांचे मिळून १०,६८८ रुपये झाले, कर वेगळा.

हा दर का चढतो? कारण हा पैसा सगळ्यांच्या एका सामाईक हंड्यात जातो. २०२२ या एका वर्षात देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले आणि १,६८,४९१ माणसे मेली. भरपाई किती द्यायची ते अपघात दावा न्यायाधिकरण ठरवते. मृताचे वय, त्याची कमाई, त्याच्यावर अवलंबून असलेली माणसे हे सारे त्यात पाहिले जाते. मृत्यू किंवा इजेच्या बाबतीत थर्ड पार्टी विम्याला रकमेची वरची मर्यादा नाही. दावे वाढले की हंडा भरण्यासाठी सगळ्यांचाच दर वाढतो. त्यात सांभाळून चालवणाराही भरडला जातो.

मग कुणी म्हणेल, भरायचाच कशाला? असे करू नका. विमा नसताना पहिल्यांदा सापडलात तर २,००० रुपये दंड किंवा तीन महिने कैद किंवा दोन्ही होऊ शकते. त्याहून मोठी गोष्ट ही, की अपघात झालाच तर भरपाईचा सगळा बोजा मालकाच्या घरावर पडतो. आणि रस्त्याच्या कडेने चालणारा तो 'थर्ड पार्टी' असतो तरी कोण? नाक्यावर उभा राहणारा मजूर, पहाटे झाडू मारणारी बाई, शाळेत जाणारे पोर. आपल्यापैकीच कुणीतरी. त्याच्या घरची चूल पुन्हा पेटावी म्हणून तो पैसा आहे.

पहिल्या हिश्श्यात मात्र पैसे वाचवता येतात. १ जानेवारी २००७ पासून त्या हिश्श्याचे सरकारी बांधील दर गेले आहेत. म्हणून एजंट सांगेल तीच रक्कम भरू नका, दोन-तीन कंपन्यांत विचारा. गाडीची किंमत दरवर्षी उतरते, ती पावतीवर नीट लावली आहे का तेही पाहा.

किरकोळ क्लेम करू नका. समजा, बोनस वजा होण्याआधी या हिश्श्याचा हप्ता ८,००० रुपये आहे आणि बोनस ५० टक्के आहे. बंपरच्या ३,००० रुपयांसाठी क्लेम केलात, तर बोनस शून्यावर येतो. पुन्हा ५० टक्क्यांवर चढेपर्यंत पाच वर्षांत मिळून १०,००० रुपये जास्त जातात.

विम्याची मुदत संपून ९० दिवस उलटले, तर बोनस बुडतो. गाडी विकली तरी बोनस मालकाचाच राहतो. कंपनीकडून तसे पत्र घ्या, म्हणजे पुढच्या गाडीला तो लागतो. मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमा आधीच असेल, तर दुसऱ्या गाडीसाठी पुन्हा भरायची गरज नाही.

उरतो काकांचा खरा सवाल. वर्षानुवर्षे एकही अपघात न करणाऱ्याला थर्ड पार्टीतही काही सूट का नसावी? मागणी रास्त आहे. पण ती एजंटच्या टेबलापाशी एकट्याने कुरकुरून मान्य होणार नाही. टॅक्सी, रिक्षा, टेम्पोवाल्यांच्या संघटनांनी ती लेखी स्वरूपात सरकारपुढे मांडली पाहिजे.

तोपर्यंत एक काम घरच्या घरी करा. आज जेवणे झाली की विम्याची पावती काढा, नवरा-बायकोने मिळून वाचा आणि शिकलेल्या पोरांकडून समजून घ्या. आपला पैसा कुठे जातो हे माहीत असलेल्या माणसाला सहसा कुणी फसवू शकत नाही.