अमोलच्या बाजारातला घोडा

कास्पियन समुद्र आणि अलबुर्झचे डोंगर यांच्या मधल्या ओलसर पट्ट्यात अमोल हे इराणी शहर वसलं आहे. १९६५ साली तिथल्या बाजारात एक लहानखुरा घोडा गाडी ओढत होता. चारचौघांनी त्याला तट्टू म्हणून सोडून दिलं असतं. लुईझ फिरोझ मात्र थांबल्या.

खांद्यापाशी उंची जेमतेम चार फूट, पण ठेवण अस्सल घोड्याची. रुंद कपाळ, मोठे डोळे, तोंड खाली निमुळतं होत गेलेलं, पाय बारीक आणि सरळ. खूर इतके टणक की या कास्पियन जातीला बहुधा नाल ठोकावी लागत नाही. लुईझना प्राचीन इराणी राजधानी पर्सेपोलिसच्या भिंतींवर कोरलेले छोटे घोडे आठवले. ही जात कधीच नामशेष झाली, असं तोवर सगळे धरून चालले होते.

लुईझ मूळच्या अमेरिकन. व्हर्जिनियातल्या शेतावर घोड्यांत वाढल्या, नार्सी फिरोझ यांच्याशी लग्न करून इराणात आल्या आणि तेहरानजवळ त्यांनी अश्वारोहणाची शाळा काढली. मुलांना बसायला बेताच्या उंचीचा, शांत घोडा हवा होता, म्हणून त्या अमोलला गेल्या होत्या. पुढे त्यांनी तो सगळा किनारा पालथा घातला, तेव्हा असे घोडे पन्नासाच्या आसपास उरल्याचं दिसलं.

मग पैदास सुरू झाली, आणि कळप हातचे जाणंही. पहिला कळप १९७४ मध्ये शाही अश्वसंस्थेकडे गेला. दुसरा त्यांनी तुर्कमेन प्रदेशात उभा केला. तिथे लांडग्यांनी घोड्या फाडल्या. तेव्हा १९७७ च्या सुमारास त्यांनी काही घोडे घाईनं इंग्लंडला रवाना केले. दोनच वर्षांत इराणात क्रांती झाली. फिरोझ दांपत्याला तुरुंग पाहावा लागला, मागे राहिलेल्या घोड्यांपैकी बरेच मांसासाठी विकले गेले. बाईंनी पुन्हा पागा उभारली. नव्वदच्या दशकात युद्धग्रस्त मुलखातून आणखी घोडे युरोपात धाडले.

हा घोडा अरबी घोड्याचा पूर्वज आहे का, यावर अभ्यासकांचा वाद आहे. मला त्या वादाचं फारसं महत्त्व वाटत नाही. लहान मुलानं धरला तरी नर घोडासुद्धा शहाण्यासारखा चालतो, हा गुण टिकवण्याइतका मोलाचा आहेच. आणि लुईझ यांचं मोठेपण मला शोधापेक्षा पुढच्या निर्णयात दिसतं. जीव लावलेले घोडे स्वतःच्या तबेल्यात ठेवण्याचा हट्ट त्यांनी केला नाही.

२००८ च्या मे महिन्यात त्या इराणातच वारल्या. युरोप-अमेरिकेत आज जे कास्पियन घोडे आहेत, त्यांच्या वंशावळी बहुतेक करून त्यांनी बाहेर पाठवलेल्या घोड्यांपाशीच जाऊन पोचतात.