दाराआडची जर्सी

ताज्या घामाला स्वतःचा असा वास जवळपास नसतोच. पण कॉलेजातून आलेली ओली जर्सी सॅकमध्ये किंवा दाराआडच्या ढिगात रात्रभर दडपली गेली की जिवाणू घामातले तेलकट पदार्थ खातात आणि कुबट वास सोडतात. त्यांतला ‘मोराक्सेला ऑस्लोएन्सिस’ भलता चिवट. धुण्यातूनही तगतो आणि कपडा दमट राहिला की पुन्हा वाढतो. पावसाळ्यात तर विचारूच नका! पॉलिएस्टर तेल धरून ठेवतं, म्हणून सुती बनियनपेक्षा जर्सीला वास जास्त. मुलांना ‘धुवायला टाक’ म्हणून कावण्यापेक्षा ‘आधी दोरीवर पसर’ एवढंच सांगावं. वाळलेली जर्सी उद्या धुतली तरी चालते. पावडर मात्र वाढवू नये, फेस कपड्यातच राहतो. सॉफ्टनरही नको, त्याच्या थरामुळे जर्सी घाम नीट टिपत नाही.