अस्वस्थ पाय आणि मेंदूतील लोह

तळोज्याहून पनवेलच्या रस्त्याला लागलात, की वाटेत कळंबोलीचा पोलाद बाजार लागतो. तेथे टनांवारी लोखंड! मोठ्या माणसाच्या अंगात मात्र हा धातू जेमतेम ३ ते ४ ग्रॅम, म्हणजे एखाद्या मध्यम खिळ्याएवढा असतो. पण तेवढ्यातही उणे पडले, तर झोप उडू शकते.

काही माणसे रात्री अंथरुणाला पाठ टेकताच बेचैन होतात. पायांत आतून काहीतरी वळवळते, शिवशिवते. उठून चार येरझाऱ्या घातल्या की बरे वाटते. निजले की पुन्हा तेच. घरचे रागावतात, "पाय हलवू नकोस, वाईट खोड!" पण ही खोड नव्हे, विकार आहे. इंग्रज वैद्य थॉमस विलिस यांनी १६७२ मध्ये त्याचे वर्णन केले. स्वीडनच्या एकबोम यांनी १९४५ मध्ये त्याला 'अस्वस्थ पाय' हे नाव दिले आणि १९५३ मध्ये नॉर्डलँडर यांनी शिरेतून लोह देऊन रोग्यांना आराम पडतो, असे दाखविले.

गंमत अशी, की पुष्कळ रोग्यांच्या रक्तात लोह पुरेसे असते. उणीव असते ती मेंदूत! पण कवटी न उघडता ती मोजायची कशी? येथे आमचे पदार्थविज्ञान कामी येते. प्रबळ चुंबकात माणसाला निजवून रेडिओलहरी सोडल्या, की शरीरातील पाण्यामधली हायड्रोजनची अणुकेंद्रे उलट संदेश देतात. शेजारी लोह असेल, तर त्याच्या चुंबकत्वाने हा संदेश लवकर विझतो. विझण्याच्या वेगावरून लोहाचा अंदाज बांधता येतो. २००१ साली अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या रिचर्ड अ‍ॅलन व सहकाऱ्यांनी हे मापन केले. रोग्यांच्या मेंदूतील 'कृष्णद्रव्य' या भागात लोह कमी आढळले. डोपामिन हे संदेशवाहक रसायन तेथेच तयार होते आणि ते बनविणाऱ्या एंझाइमाला लोह लागते. दोहोंचा दुवा नेमका कसा जुळतो, याचा शोध अजून चालू आहे.

आपल्याला हे दूरचे नाही. २०१९–२१ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी शेकडा ५४ जणींना रक्तक्षय होता. म्हणून आईचे पाय रात्री शिवशिवत असतील, तर नुसते चेपून थांबू नका; डॉक्टरांना सांगा. मात्र लोहाच्या गोळ्या आपल्या मनाने घेऊ नयेत. जादा लोह बाहेर टाकण्याची सोय शरीरात नाही. डॉक्टर आधी फेरिटिन हे लोह साठविणारे प्रथिन रक्तात तपासतात. मोठ्या माणसात ते लिटरला ७५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून कमी भरले, तर या विकारात लोह देऊन पाहतात.